दारात बाहुल्यांचा खेळ, चाकांवर खोकी: वायमारच्या एका बालखोलीचा अभ्यास

15 ऑगस्ट 1923 रोजी जर्मनीतल्या वायमार शहरात एक नमुना-घर लोकांना बघायला खुलं झालं. आम होर्न नावाच्या रस्त्यावरचं, म्हणून हाउस आम होर्न. बाउहाउस ही कलाशाळा सुरू होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. प्रांतिक सरकार तिला पैसे देत होतं आणि आता केलेलं काम दाखवा म्हणत होतं. त्यासाठी भरवलेल्या मोठ्या प्रदर्शनाचा भाग म्हणून हे घर उभं राहिलं. पांढरं, चौकोनी, सपाट छपराचं. मधोमध सहा मीटर लांब-रुंद बैठकीची खोली आणि तिला चारी बाजूंनी लागून लहान लहान खोल्या.

त्यातली एक खोली मुलांची होती. तिथलं फर्निचर आल्मा बुशर या चोवीस वर्षांच्या विद्यार्थिनीने, एरिख ब्रेंडेल या सहाध्यायाच्या साथीने केलं होतं. त्यातल्या एका कपाटाचा हा अभ्यास. खेळणी ठेवायचं कपाट. आतली खोकी बाहेर काढली की त्यांची बैठक व्हायची, टेबल व्हायचं, गाडी व्हायची. कपाटाच्या एका दाराला खिडकीसारखा चौकोन कापला होता. दार उघडून मागे उभं राहिलं की बाहुल्यांचा खेळ सुरू.

मुलांसाठी फर्निचर करणाऱ्या किंवा करून घेणाऱ्या कुणालाही मी हेच उदाहरण सगळ्यात आधी सांगते. आज बहुउपयोगी म्हणून बाजारात मिळणाऱ्या बहुतेक वस्तूंचे उपयोग कारखान्यातच ठरलेले असतात. पलंगाचा कप्पा ओढला की अभ्यासाचं टेबल, टेबल मिटलं की भिंत. त्यात जागा वाचते, आई-वडिलांची सोय होते, आणि ती सोय मला कमी मोलाची वाटत नाही. पण मुलाच्या वाट्याला त्यात फारसं काही येत नाही. बुशरच्या कपाटात वस्तूचं काय करायचं हे मुलावर सोडलेलं आहे. हे तिने कसं साधलं, ते सुताराच्या नजरेने बघण्यासारखं आहे.

घर, पैसा आणि वेळ

घराचा आराखडा गेओर्ग मुखे या चित्रकाराचा. बर्लिनचे बांधकाम व्यावसायिक आडोल्फ सोमरफेल्ड यांनी पैसा उभा केला. 11 एप्रिलला पायाभरणी झाली आणि चार महिन्यांत घर सामानासकट तयार झालं. हे सगळं जर्मनीतल्या भयंकर चलनवाढीच्या वर्षात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला 4 लाख 20 हजार कोटी मार्क मोजावे लागत होते. घराच्या आसपास अशाच घरांची वसाहत करायचा बेत होता, तो कागदावरच राहिला. वायमारमध्ये बाउहाउसने प्रत्यक्ष बांधलेलं हे एकच घर.

आराखड्यातली एक गोष्ट कपाटाइतकीच महत्त्वाची आहे. मुलांची खोली आईच्या खोलीला आणि जेवणाच्या खोलीला लागून होती, आणि स्वयंपाकघरात उभं राहून जेवणाच्या खोलीतून थेट मुलांकडे नजर जाई. म्हणजे घरातल्या बाईने काम सोडून मुलांच्या मागे धावायचं नाही, आणि मुलांनीही सतत कुणाच्या देखरेखीखाली खेळायचं नाही. मोठ्या माणसाची नजर लांबून, हात मात्र दूर. मुलाला फर्निचर स्वतः हलवू द्यायचं असेल तर ही रचना लागतेच. नजरेआडच्या बंद खोलीत कुठली आई खोकी ओढू देईल?

आल्मा बुशर तिथे कशी पोचली

बुशर 1922 मध्ये बाउहाउसला आली. त्याआधी बर्लिनमध्ये तिचं कलाशिक्षण झालं होतं. बाउहाउसने सुरुवातीला स्त्री-पुरुष सगळ्यांना सारखाच प्रवेश जाहीर केला होता. प्रत्यक्षात मुली मोठ्या संख्येने आल्या तेव्हा त्यांना विणकामाच्या कार्यशाळेकडे वळवलं जाऊ लागलं. बुशरलाही आधी तिथेच पाठवलं. 1923 मध्ये ती लाकडी शिल्पाच्या कार्यशाळेत गेली. त्या काळात एका मुलीसाठी ही वाट सोपी नव्हती. मुलांच्या वस्तूंकडे ती वळली ती इथूनच, आणि बाउहाउसमधलं तिचं नाव घेण्यासारखं सगळं काम मुलांसाठीचंच आहे.

हे काम पोकळीत झालं नाही. फ्रीडरिख फ्रोबेल याच थुरिंजिया प्रांतातला. 1840 मध्ये त्याने बाड ब्लांकेनबुर्ग इथल्या आपल्या संस्थेला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. लाकडी घन, गोल, चिती मुलांच्या हाती द्यायची त्याची पद्धत जर्मन घराघरांत पोचली होती. मारिया मॉन्टेसरी यांनी 1907 मध्ये रोमच्या सान लोरेंझो वस्तीत पहिलं बालगृह काढलं आणि मुलाच्या उंचीचं, मुलाला उचलता येईल असं हलकं फर्निचर हा शिक्षणाचाच भाग आहे, हे जगाला पटवलं. मुलाच्या मापाचं सामान ही कल्पना बुशरच्या हाती आयती आली होती.

त्यात तिने पुढचं पाऊल टाकलं. मॉन्टेसरीच्या साधनांत प्रत्येक वस्तूचा वापर ठरलेला असतो. गुलाबी मनोऱ्याचे ठोकळे मोठ्यापासून लहानाकडे रचायचे, आणि चुकलं तर साधनच ते दाखवून देतं. एकाग्रतेसाठी त्याचा उपयोग आहे, यात वाद नाही. बुशरच्या खोक्यात मात्र चूक नावाची गोष्टच नव्हती. तिने लिहून ठेवलेला विचार असा: मुलाला एक जागा हवी जिथे त्याला जे व्हायचं ते होता येईल, जिथलं सगळं त्याचं असेल आणि ज्याला आकार त्याची कल्पना देईल, आणि वस्तूचा व्यावहारिक उपयोग खेळाच्या आड येऊ नये. मला यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं वाटतं. उपयोग असूच नये, असं ती म्हणत नाही. कपाटाने कपाटाचं काम चोख करावं आणि तरीही मुलाच्या वाटेत येऊ नये, एवढंच तिचं म्हणणं.

कपाट जवळून

आता वस्तूकडे येऊ. एक उंच भाग, त्याला दार. शेजारी बुटका, मोकळा भाग आणि त्यात बसणारी वेगवेगळ्या मापांची खोकी. काही खोक्यांना चाकं. रंग पांढरा आणि त्यासोबत लाल, पिवळा, निळा असे ठळक, शुद्ध रंग. नक्षी नाही, चित्र नाही, ससा नाही, अस्वल नाही.

खोकी जागेवर असतात तेव्हा हे निव्वळ नीटनेटकं कपाट दिसतं. खेळणी आत, कडा एका रेषेत. खोकी बाहेर आली की कपाट रिकामं होतं आणि खोली भरते. इथे एक बारीक पण फार हुशार गोष्ट आहे. आवरणं आणि पसरणं या दोन कामांना एकच वस्तू लागते. मुलाला 'आवर' म्हटलं की त्याला खोकं परत त्याच्या जागी ढकलायचं असतं, म्हणजे गाडी गॅरेजमध्ये लावायची असते. आवरणं हाच खेळाचा शेवटचा अंक होतो. घरोघरी संध्याकाळी ज्यावरून आवाज चढतात ते काम इथे मापांनी सोडवलंय.

दुसरी गोष्ट दाराची. दाराला एरवी एकच काम: आतलं झाकायचं. बुशरने त्याला चौकोन कापला आणि दार रंगमंच झालं. जर्मनीत कास्पर नावाच्या बाहुल्याचे खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले, त्यामुळे असा चौकोन दिसल्यावर काय करायचं हे तिथल्या मुलाला सांगावं लागत नाही. पण त्या चौकोनाला ना पडदा रंगवला, ना वर 'थिएटर' लिहिलं. त्यामुळे तीच खिडकी उद्या दुकानाचा गल्ला होते, परवा रेल्वेचं तिकीटघर, आणि तेरवा कुणाचं तरी तोंड दिसण्यापुरती चौकट. कापलेला एक चौकोन, खर्च जवळपास शून्य. लाकूड वाढलं नाही, उलट थोडं कमीच लागलं.

तिसरी गोष्ट खोक्यांची मापं. सगळी एकसारखी केली असती तर सुताराचं काम सोपं झालं असतं आणि रचनाही टापटीप दिसली असती. पण एकसारख्या खोक्यांची भिंत होते आणि तिथेच थांबते. लहानमोठी असली की एक दुसऱ्यासमोर टेबल होतं, एकावर चढून दुसऱ्यात उतरता येतं, एक ओढायचं आणि दुसरं त्यात बसवायचं. मापांतला फरक हाच खेळाचा कच्चा माल.

चाकं सगळ्या खोक्यांना नव्हती, हेही मुद्दाम बघण्यासारखं. चाकं लावलेलं खोकं गाडी होतं खरं, पण त्याच क्षणी ते बसायला आणि चढायला बिनभरवशाचं होतं.

हे का चाललं

1971 मध्ये इंग्लंडच्या सायमन निकल्सन या कलावंताने एक साधं सूत्र मांडलं. कुठल्याही जागेत किती कल्पकता फुलेल, हे तिथे बदलता येण्याजोग्या गोष्टी किती आणि किती प्रकारच्या आहेत, यावर अवलंबून असतं. सुटे भाग जितके जास्त, तितकी शोध लावायची शक्यता जास्त. त्यांचा रोख बागा, शाळा, संग्रहालयं यांच्याकडे होता. तज्ज्ञ मंडळी सगळी मजा स्वतः घेतात आणि मुलांच्या हाती तयार, हलवता न येणारी वस्तू देतात, ही त्यांची तक्रार. बुशरचं कपाट हे सूत्र मांडलं जाण्याच्या 48 वर्षं आधीचं, पण या सूत्राचं इतकं चपखल उदाहरण फर्निचरमध्ये दुसरं नाही.

तुलनेसाठी बाउहाउसमधलीच दुसरी वस्तू घ्या. पेटर केलर या विद्यार्थ्याने 1922 मध्ये एक पाळणा केला: दोन मोठी निळी कडी, पिवळे त्रिकोण, लाल चौकोन. वासिली कान्डिन्स्की शिकवत असलेलं आकार आणि रंगांचं नातं त्यात जसंच्या तसं उतरलंय. दिसायला तो आजही थक्क करतो आणि बाउहाउसवरच्या लिखाणात त्याचंच छायाचित्र पुन्हापुन्हा दिसतं. तो वाईट आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. वजन तळाला ठेवून तो उलटणार नाही याची काळजीही त्यात घेतलीय. पण त्यातला सगळा खेळ केलरने खेळून संपवला. आकार कसे जुळतात हे त्याने शोधलं, बाळाने फक्त झोपायचं. बुशरने तेच मूलभूत आकार आणि तेच रंग घेतले आणि जुळवायचं काम शिल्लक ठेवलं.

आजच्या दुकानात हा फरक पावलोपावली दिसतो. मोटारीच्या आकाराचा पलंग बघा. पहिल्या आठवड्यात मूल त्यात बसून घरभर हॉर्न वाजवतं. मग? तो पलंग जहाज होऊ शकत नाही, कारण तो फार ठामपणे मोटार आहे. मूल मोटारींतून बाहेर पडून डायनासोरमध्ये शिरतं, आणि पलंगाचे हप्ते मात्र चालूच.

बदलणारं फर्निचर आणि वाढणारं फर्निचर यांचीही बरेचदा गल्लत होते. नॉर्वेच्या पेटर ऑप्सविक यांची 1972 ची ट्रिप ट्रॅप खुर्ची घ्या. पाय टेकायची फळी आणि बैठक वर-खाली सरकवता येते, त्यामुळे मूल लहानाचं मोठं होईपर्यंत जेवणाच्या टेबलाशी सगळ्यांच्या बरोबरीने बसतं. उत्तम वस्तू आहे. पण ती बदलायला पाना लागतो आणि तो मोठ्यांच्या हातात असतो. डेन्मार्कच्या क्रिस्टियान वेडेल यांची 1957 ची वाकवलेल्या प्लायची लहान मुलांची खुर्ची बुशरच्या जास्त जवळची. तिच्या गोलाईत खाचा आहेत, फळी कुठल्या खाचेत सरकवायची ते मूल स्वतः ठरवतं, आणि पालथी घातली की ती वेगळंच काहीतरी होते. मुलाचं फर्निचर निवडताना मी हेच आधी बघते: बदल करायचा तर पाना लागतो की फक्त मुलाचे दोन हात?

पुढे काय झालं

त्या बालखोलीचं कौतुक झालं, पण कपाट मोठ्या संख्येने तयार होऊन घराघरांत गेलं नाही. एक तर काळ वाईट. दुसरं म्हणजे संस्थेचा सगळा रोख वास्तुकला आणि कारखान्यात होणाऱ्या उत्पादनाकडे वळत होता, आणि मुलांच्या वस्तू दुय्यम मानल्या गेल्या. मला हे फार खटकतं. लोखंडी नळी वाकवून खुर्ची करणं हे क्रांतिकारक आणि मुलाचं खोकं म्हणजे हौस, ही प्रतवारी कुणी ठरवली?

बुशरची खेळणी मात्र टिकली. तिचा 22 तुकड्यांचा जहाजबांधणीचा खेळ त्याच 1923 सालचा. लाकडी, रंगीत, कोनदार आणि गुळगुळीत तुकडे. त्यांचं जहाज होतं, पण पूल, वेस, डोंगर असं काहीही होतं. हा खेळ म्हणजे घनवाद, अभिव्यक्तिवाद अशी त्या काळची कुठलीही कलाशैली नाही, जुन्या ठोकळ्यांच्या तत्त्वावरचा रंगांचा आनंद आहे, असं तिनेच त्याबद्दल सांगितलं होतं. कलाशाळेतली मुलगी स्वतःच्या कामाबद्दल इतकं साधं बोलते, याचं मला फार अप्रूप आहे. स्वित्झर्लंडची नेफ ही कंपनी 1977 पासून हा खेळ पुन्हा बनवते आहे.

1925 मध्ये बाउहाउस डेसाऊला हललं, बुशरही गेली. 1926 मध्ये तिचं वेर्नर झीडहोफ या कलावंताशी लग्न झालं, पुढच्या वर्षी तिने बाउहाउस सोडलं. दोन मुलं झाली. नवऱ्याच्या रंगभूमीवरच्या कामापायी गावं बदलत राहिली आणि तिचं स्वतःचं काम आटत गेलं. 25 सप्टेंबर 1944 रोजी फ्रँकफर्टजवळच्या बुखश्लाग इथे बॉम्बहल्ल्यात ती गेली. वय 45. हाउस आम होर्न 1996 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

आपल्या घरात आणि बालवाडीत

मॉन्टेसरीची साधनं महाराष्ट्रातही आली आणि इथेही हाच प्रश्न उभा राहिला. ताराबाई मोडक यांनी गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर मॉन्टेसरी पद्धतीवर काम केलं होतं. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि 1957 मध्ये ते कोसबाडला नेलं. अनुताई वाघ सोबत होत्या. वारली पाड्यांवर महागडी साधनं परवडणं शक्य नव्हतं. तेव्हा शिंपले, खडे, बिया, पानं अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंची साधनं झाली, आणि मुलं बालवाडीत येईनात तर बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. हे केवळ काटकसरीपोटी घडलं असं समजणं ताराबाईंवर अन्याय होईल. बियांचा उपयोग कुणी छापून ठेवलेला नसतो, म्हणून त्या मोजायलाही चालतात आणि रांगोळीलाही.

आपल्या घरांतही अशा वस्तू होत्याच. पंगतीचे पाट. मुलांनी एकामागे एक लावले की आगगाडी, दोन उभे केले की दुकान, पायरीवर तिरपा टेकवला की घसरगुंडी. पाट कुणी खेळणं म्हणून केला नव्हता. डायनिंग टेबल आलं, पाट माळ्यावर गेले, आणि मुलांच्या हाती लागणारी एक मोकळी वस्तू घरातून गेली. म्हणून दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बुशरचं कपाट कसं करता येईल, हा प्रश्न मला आजचा वाटतो.

सुताराकडे गेलात की तो पहिला प्रश्न विचारतो: 'ताई, ह्यात ठेवायचं काय?' प्रश्न रास्त आहे, कारण त्याच्या धंद्यात माप वस्तूवरून ठरतं. त्याला सांगायचं की माप मुलावरून ठरवायचंय.

युरोपात शाळेच्या फर्निचरचं एक मानक आहे, ईएन 1729. बुशरच्या फार नंतरचं, पण आकडे कामाचे आहेत. साधारण 93 ते 116 सेंमी उंचीच्या मुलाला बैठक 26 सेंमी आणि टेबल 46 सेंमी. 108 ते 121 सेंमी उंचीच्या मुलाला बैठक 31 सेंमी. आता एकच खोकं 26 बाय 31 बाय 46 सेंमी मापाचं करा, आणि 31 बाय 46 ची एक बाजू उघडी ठेवा. पालथं घातलं की 26 सेंमीचं बाक. लांब बाजूवर आडवं ठेवलं की 31 सेंमीची बैठक आणि पोटात कप्पा. उभं केलं की 46 सेंमी उंचीचं लहानसं टेबल, त्यावर ए-फोर कागद नेमका मावतो आणि पुढून गुडघे थोडे आत जातात. उताणं ठेवलं की होडी. आपल्याकडे आणखी एक उपयोग निघतो जो त्या मानकात सापडणार नाही: पालथं खोकं म्हणजे मांडी घालून बसलेल्या मुलासाठी लिहायचा चौरंग.

वजनाकडे मात्र कुणी लक्ष देत नाही, आणि सगळं तिथेच बिघडतं. सुतार सवयीने 18 मिमीचा प्लाय वापरतो. त्या जाडीत हे खोकं सहा किलोच्या वर जातं, आणि तीन वर्षांचं मूल ते उलटं-पालटं करू शकत नाही. मग ते जिथे ठेवलं तिथेच राहतं आणि वर्तमानपत्रं ठेवायच्या कामी येतं. 12 मिमीचा चांगला प्लाय घेतला तर वजन चार किलोच्या आसपास येतं. एवढ्या छोट्या मापाला तो भक्कम पुरतो, फक्त कोपऱ्यांत खाच करून फेविकॉल आणि स्क्रू दोन्ही हवेत, नुसते खिळे नकोत. पाइनची फळी घेतली तर आणखी हलकं. सुतार म्हणेल, 'टिकणार नाही.' एक करून त्याच्यासमोर त्यावर उभं राहून दाखवायचं.

झाकण कुठल्याही खोक्याला नको. मुलं आत बसतात, आणि झाकण लागलं तर गुदमरण्याचा धोका असतो. बोटं चेंगरतात ती वेगळीच. ओढायला लांब दोरी नको, गळ्यात अडकते. दोन बाजूंना अख्खा तळहात जाईल एवढी लांबट भोकं पाडली की उचलायची सोय होते आणि बोट अडकत नाही. चाकं एकाच, सगळ्यात मोठ्या खोक्याला. पुढची दोन फिरती आणि मागची दोन स्थिर ठेवली तर गाडी मुलाच्या ताब्यात राहते. उभ्या केलेल्या खोक्यावर चढू द्यायचं नाही, तळ लहान असल्याने ते कलंडतं. आणि ज्यात खोकी बसतात तो सांगाडा भिंतीला अँगलने पक्का करायचाच. मोकळं कपाट मुलाला शिडीच वाटतं.

दाराच्या खिडकीचं माप मुलाला बसवून घ्या. पालथ्या खोक्यावर मूल बसलं की त्याचं डोकं जिथे येतं त्याच्या जरा वर खिडकीची खालची कड. म्हणजे खेळ करणारा लपतो आणि हात वर करून बाहुली दिसते. बिजागरीच्या बाजूला बोट चेपतं, तिथे लांब पट्टीची पियानो बिजागरी लावली की फट उरत नाही.

रंगाच्या बाबतीत बुशरचं ऐकायला माझी हरकत नाही, पण सनमायकाच्या कार्टूनच्या शीट मी कधीच लावू देत नाही. एकदा चित्र चिकटलं की खोक्याला नाव पडतं. साधा रंग द्या, आणि एक-दोन बाजूंना फळ्याचा काळा रंग, म्हणजे आजचं दुकान आज लिहिता येईल आणि उद्या पुसता येईल. रंग पाण्यावर आधारित आणि शिसं नसलेला असावा. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भागांच्या) वर नको, असा नियम भारतात 2016 मध्ये झालाय. डब्यावर त्याचा उल्लेख असतो, दुकानात तो वाचूनच डबा घ्यायचा. सुताराकडे आधीच उरलेला जुना इनॅमल चालवून घ्यायचा नाही.

किती खोकी करायची? एका मुलाच्या घरात चार पुरतात. दोनांचं फक्त टेबल-खुर्ची होतं, तिसऱ्यापासून रचना सुरू होते. बालवाडीत हिशेब वेगळा. तिथे प्रत्येक मुलाला एकेक खोकं दिलं तर प्रत्येक जण आपापल्या खोक्यात बसून राहतो. मुलांच्या निम्म्यापेक्षा थोडी कमी खोकी ठेवली की वाटून घ्यावं लागतं, आणि मग पूल बांधायला चौघं एकत्र येतात. पहिल्या दिवशी बाईंनी काहीही करून दाखवू नये. खोकी मधोमध ठेवावीत आणि आपण कडेला बसावं. सुरुवातीला थोडी भांडणं होतात, ती होऊ द्यावीत. खोकं हिसकावण्यापासून 'तू ड्रायव्हर, मी कंडक्टर' इथपर्यंत मुलं आपली आपण येतात.